हँडसेट आपला, मर्जी कोणाची?

नवा फोन घ्यायचा म्हटलं की आपण काय काय करतो! दहा रिव्ह्यू बघतो, तीन मित्रांचं डोकं खातो, ऑफिसच्या कँटीनमध्ये कॅमेऱ्यावरून वाद घालतो, सेलची वाट बघतो आणि कुठल्या बँकेच्या कार्डावर किती सूट मिळते याचं गणित मांडतो. एवढं सगळं करून फोन हातात पडतो. मग त्यात जातं काय? कॉलेजात असताना घेतलेलं तेच जुनं सिम! 'कंपन्या काय, सगळ्या सारख्याच,' म्हणून आपण मोकळे.

बॉस, गोची इथेच आहे. फोनच्या खोक्यावर छापलेल्या कितीतरी गोष्टी एकट्या फोनच्या हातात नसतात. वाय-फायवरून कॉल, फोर-जीवरून स्वच्छ आवाज, फाइव्ह-जी, ई-सिम... बटणं फोनमध्ये असतात खरी, पण ती दाबल्यावर दिवा लागणार की नाही, यात सिमवाल्या कंपनीचाही हात असतो. म्हणजे पैसे आपण मोजायचे, हप्ते आपण फेडायचे आणि आपल्याच फोनमधलं काय चालेल ते दुसऱ्याने ठरवायचं! तेव्हा या आठवड्याचा फंडा साधा आहे. फोन जितका निरखून घेता, तितकंच सिमही निरखून घ्या.

थर्मलच्या कॉलनीत

आता तुम्ही म्हणाल, हे काय नवीन खूळ? तर थेट ऊर्जानगरात चला. चंद्रपूरच्या बाहेर, दुर्गापूरला लागून ही महानिर्मितीची कॉलनी. एका बाजूला २९२० मेगावॉटच्या वीज केंद्राच्या चिमण्या आणि थोडं पुढे गेलं की ताडोबाच्या दिशेचं जंगल. माझे बाबा थर्मलमध्ये आहेत. वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या होऊन २००५ पासून इतकी वर्षं झाली, पण बाबांच्या पिढीच्या तोंडी अजूनही 'एमएसईबी'च.

इथलं आयुष्य शिफ्टवर चालतं. बाबांची नाइट असली की आई क्वार्टरमध्ये एकटी. आणि इथली रात्र पुण्या-मुंबईसारखी नसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या आवारातच एका कामगाराचा वाघाने बळी घेतला आणि त्याच महिन्यात दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला उचलून नेलं. त्यामुळे आमच्या घरी एक पक्का नियम आहे. ड्यूटीवर पोचलं की घरी फोन आणि निघालं की पुन्हा फोन. तो फोन लागला नाही तर आईला झोप नाही.

पण क्वार्टरमध्ये रेंजचा आनंद! हॉलमध्ये दोन काड्या, स्वयंपाकघरात एक आणि बेडरूममध्ये ठणठणगोपाळ. आई फोन खिडकीच्या गजाला टेकवून झोपायची. गंमत म्हणजे घरात ब्रॉडबँड उत्तम होतं आणि आईच्या फोनमध्ये वाय-फाय कॉलिंगची सोयही होती. म्हणजे टॉवरची रेंज नसली तरी घरातल्या वाय-फायवरून नेहमीच्याच नंबरवर कॉल येणार-जाणार. वेगळं ॲप नको, वेगळे पैसे नकोत. फक्त आईच्या सिमवर ते काही केल्या सुरू होईना.

कंपनीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने मॉडेलचं नाव विचारलं, कॉम्प्युटरमध्ये डोकावला आणि गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, हा हँडसेट आपल्या लिस्टमध्येच नाही न जी. नवीन घेऊन टाका, मग चालते."

नवीन घेऊन टाका! फोनला जेमतेम वर्ष झालेलं. घरी येऊन मी माझं सिम आईच्या फोनच्या दुसऱ्या खाच्यात घातलं. माझी कंपनी वेगळी. दोन मिनिटांत वाय-फाय कॉलिंग सुरू! फोन तोच, वाय-फाय तेच, खोली तीच. बदललं होतं फक्त सिम.

"मग कंपनी बदलून टाक न आई," मी म्हटलं.

"नंबर कायले बदलू मी? गॅस त्याच्यावर, बँक त्याच्यावर, आधार त्याच्यावर. साऱ्या नातेवाइकांना पुन्हा सांगत बसू का?"

नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, हे तिला ऐकून माहीत होतं, पण ते कटकटीचं असणार अशी तिची खात्री होती. प्रत्यक्षात एक एसएमएस, एकदा आधार दाखवून केवायसी आणि काही दिवसांची वाट, इतकंच लागलं. त्या आठवड्यात बाबांची नाइट होती. रात्री साडेअकराला बेडरूममध्ये फोन वाजला आणि पहिल्याच रिंगला उचललाही गेला. बाबांनाच धक्का बसला. "झोपली नव्हती का तू?" म्हणे!

पाचशे एक रुपयांचा फोन

फोन आपला आणि मर्जी कंपनीची, हे नातं आपल्याकडे जुनं आहे. २००३ आठवतंय? मे महिन्यात इनकमिंग फुकट झालं आणि जुलैत रिलायन्सची 'मान्सून हंगामा' योजना आली. फक्त ५०१ रुपये भरा आणि मोबाइल घरी न्या! तोवर मोबाइल म्हणजे साहेबलोकांची चीज होती. या योजनेने तो शिफ्टवाल्यांच्या, दुकानदारांच्या, रिक्षावाल्यांच्या खिशात आणून ठेवला. 'कर लो दुनिया मुठ्ठी में' ही जाहिरात तेव्हा लहान पोरांनाही पाठ असायची.

पण त्या फोनमध्ये सिमच नव्हतं! ते सीडीएमए तंत्रज्ञान होतं आणि नंबर थेट हँडसेटमध्येच भरलेला असायचा. कंपनी नको झाली तर फोनही टाकून द्यायचा, नंबरही विसरायचा. समोर जीएसएमवाला मित्र मात्र सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायचा आणि हसायचा. स्वस्तात मिळालेल्या फोनची खरी किंमत बाहेर पडायच्या दारावर वसूल होत होती.

पुढे २००८ च्या ऑगस्टमध्ये आयफोन अधिकृतपणे भारतात आला. किंमत ३१,००० रुपयांपासून पुढे, आणि विकत कोण होतं? एअरटेल आणि व्होडाफोन. ज्याच्याकडून घ्याल त्याचंच सिम चालणार. एकतीस हजार मोजा, वर सिमची निवडही आमची! २०१७ साली आलेला जिओफोनही त्याच जातीचा. १,५०० रुपये अनामत भरून फोर-जी फोन मिळत होता, पण त्यात सिम फक्त जिओचं. ज्यांच्या हातात त्याआधी इंटरनेट कधी आलंच नव्हतं त्यांच्यासाठी तो सौदा फायद्याचा होता, हेही तितकंच खरं. मुद्दा एवढाच की सौदा करताना कुलूप कुठे आहे ते आधी दिसायला हवं.

अमेरिकेतल्या दादाचा फोन

आपल्याला वाटतं, परदेशात सगळं आलबेल असेल. कसलं काय! अमेरिकेत तर वर्षानुवर्षं फोन कंपनीकडूनच घ्यायची पद्धत. त्यामुळे फोन बनवणारा एक आणि त्यात काय ठेवायचं ते ठरवणारा दुसराच. २००४ मध्ये व्हेरायझनने मोटोरोलाचा व्ही ७१० हा फोन विकायला काढला. ब्लूटूथ आहे म्हणून लोकांनी उड्या मारल्या. घरी नेल्यावर कळलं, ब्लूटूथने हेडसेट जोडता येतो, पण फोटो किंवा फाइल पाठवायची सोय कंपनीने बंद करून ठेवलीय. फोटो बाहेर काढायचा तर पैसे भरून मेसेजने पाठवा! ग्राहक चिडले आणि पुढच्या वर्षी कोर्टात गेले.

२००७ मध्ये आलेला आयफोन तिथे २०११ च्या सुरुवातीपर्यंत एटी अँड टी या एकाच कंपनीकडे होता. याच कंपनीने २०१२ मध्ये मोबाइल डेटावरून फेसटाइमचा व्हिडिओ कॉल फक्त ठरावीक प्लॅन घेणाऱ्यांनाच देऊ केला. त्याच वर्षी हॉटस्पॉटची ॲप्स अडवल्याच्या प्रकरणात व्हेरायझनला साडेबारा लाख डॉलर भरून मिटवावं लागलं. फोनचं कुलूप काढून घेणं ग्राहकाचा हक्क आहे, असा कायदा व्हायला तिथे २०१४ उजाडलं.

आपल्याला याच्याशी काय करायचंय? करायचंय! कारण अमेरिकेतला दादा दिवाळीला येताना 'तिकडे स्वस्त मिळतो' म्हणून फोन आणतो. तो फोन हप्त्यांवर घेतलेला असेल तर हप्ते फिटेपर्यंत तिकडच्या कंपनीशी बांधलेला असू शकतो. इकडचं सिम घातलं की स्क्रीनवर नकार. शिवाय २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा खाचाच नाही, सगळा कारभार ई-सिमवर. म्हणून दादाला आधीच विचारा, 'अनलॉक्ड आहे ना?' आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं गेलं की 'कॅरिअर लॉक'ची ओळ दिसते. तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं लिहिलं असेल तरच पेढे वाटा.

कुलूप गेलं, पण कुठे?

आपल्याकडे आज बहुतेक फोन दुकानातून किंवा ऑनलाइन, कंपनीच्या मध्यस्थीशिवाय घेतले जातात. दोन सिमचे फोन घरोघर आहेत. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते आणि जुलै २०१५ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलात तरीही नंबर सोबत नेता येतो. म्हणजे सिमचं जुनं कुलूप जवळपास संपलं. पण अडवणूक पूर्ण संपली असं समजू नका. तिने जागा बदललीय.

पहिली जागा म्हणजे ती 'लिस्ट'. जुन्या टू-जीमध्ये आवाजासाठी स्वतंत्र रस्ता होता. फोर-जीमध्ये आवाजसुद्धा डेटाच्या पाकिटांतूनच जातो. त्यासाठी फोनमध्ये त्या त्या कंपनीच्या सेटिंग्ज भराव्या लागतात आणि फोन बनवणारे व सिम देणारे मिळून एकेका मॉडेलची चाचणी घेतात. ज्या मॉडेलची चाचणी झाली ते लिस्टमध्ये, बाकीचे बाहेर. जिओ २०१६ मध्ये सुरू झालं तेव्हा हाच घोळ झाला होता. जिओकडे टू-जी, थ्री-जी नाहीच. त्यामुळे फोर-जी असूनही त्यावरून आवाज न जाणाऱ्या फोनवर साध्या कॉलसाठीसुद्धा वेगळं ॲप घ्यावं लागलं. वाय-फाय कॉलिंगचंही तसंच. एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये आणलं, तेही सुरुवातीला मोजक्या फोनवर आणि स्वतःच्याच ब्रॉडबँडवर. जानेवारी २०२० मध्ये जिओने कुठल्याही वाय-फायवर देऊ केलं. व्हीआयने २०२० च्या अखेरीस महाराष्ट्र-गोवा आणि कोलकात्यापासून सुरुवात केली.

फाइव्ह-जीची कथा तर ताजी आहे. १ ऑक्टोबर २०२२ ला मोठा गाजावाजा करून सेवा सुरू झाली. कित्येकांच्या खिशात दोन-दोन वर्षांपासून फाइव्ह-जी फोन पडून होते. त्यांनी लगेच सेटिंग्ज उघडल्या आणि... काहीच नाही! सॉफ्टवेअर अपडेट यायचं होतं. आयफोनवाल्यांना तर ते डिसेंबरमध्ये मिळालं. त्यात जिओचं फाइव्ह-जी स्वतंत्र उभं केलेलं आणि एअरटेलचं सुरुवातीला फोर-जीच्या पायावर रचलेलं. त्यामुळे एका कंपनीवर चालणारा फोन दुसऱ्या कंपनीवर अडू शकत होता.

दुसरी जागा म्हणजे प्लॅनच्या खालची बारीक अक्षरं. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा जिओ आणि एअरटेलने अमर्याद फाइव्ह-जी दिवसाला २ जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनपुरतंच ठेवलं. तोच फोन, तोच टॉवर, पण खालचा रिचार्ज मारला की फाइव्ह-जीचा तो मोकळेपणा गेला. लॅपटॉपवर घरून काम करणाऱ्यांनी तर 'अमर्याद' या शब्दाखालच्या अटी आवर्जून वाचाव्यात. महिन्याची मर्यादा किती, हॉटस्पॉटवर वापरलेला डेटा कसा मोजला जातो, वैयक्तिक वापर म्हणजे त्यांच्या मते नेमकं काय, हे सगळं तिथेच लिहिलेलं असतं.

आणि आपण गप्प बसलो तर तिसरी जागाही तयार असते. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या कॉलसाठी वेगळा पैसा घ्यायचं जाहीर केलं होतं. म्हणजे स्काइप किंवा व्हायबरवर बोलायचं तर डेटा पॅकच्या वर आणखी पैसे! लोकांनी इतका आरडाओरडा केला की काही दिवसांतच तो बेत मागे घ्यावा लागला. पुढे ट्रायने मतं मागवली तेव्हा दहा लाखांवर ई-मेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियमच केला की वेबसाइट किंवा ॲप बघून डेटाचे वेगवेगळे दर लावायचे नाहीत. आज आपण एकाच डेटावर नकाशा बघतो, गाणी ऐकतो, आईला व्हिडिओ कॉल करतो, ते असंच आयतं मिळालेलं नाही.

टॉवरच नसेल तर?

एक गोष्ट मात्र चंद्रपूर-गडचिरोलीकडे आल्याशिवाय कळत नाही. फीचरच्या आधी टॉवर लागतो. बँकेतली, आरोग्य खात्यातली, शिक्षण खात्यातली पहिली पोस्टिंग एटापल्ली किंवा भामरागडला मिळाली की तुमच्या फोनचे सगळे गुण पिशवीत राहतात. तिथे प्रश्न एकच, कुणाचा टॉवर आहे? नक्षलग्रस्त भागांसाठीच्या सरकारी योजनेत दहा राज्यांत बीएसएनएलचे जे टॉवर उभे राहिले ते टू-जीचे होते. कॉल लागायचा, एसएमएस यायचा, बाकी राम राम. अशा २,३४३ ठिकाणी फोर-जी आणायचा निर्णय केंद्राच्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये घेतला. बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जीचं देशपातळीवर उद्घाटन व्हायला २७ सप्टेंबर २०२५ उजाडला.

तिकडे सिरोंच्याला प्राणहितेच्या पलीकडे तेलंगणा. नदीकाठी उभं राहिलं की फोन कुठल्या राज्याचा टॉवर पकडेल याचा भरवसा नाही. रोमिंगला वेगळे पैसे पडायचे त्या काळात घरच्या अंगणात बसून दुसऱ्या राज्यातल्या कॉलचं बिल यायची ही जागा! अशा ठिकाणी बदली झाली तर दुसऱ्या खाच्यात तिथे चालणारं सिम ठेवायचं आणि तोरा शहरात परत आल्यावर मिरवायचा.

मग निवडायचं कसं?

जाहिरातीतल्या जीबीकडे बघू नका. असं करा.

एक : आधी कागद घ्या आणि मला नक्की काय लागतं ते लिहा. घरात रेंज नाही? मग वाय-फाय कॉलिंग. घरून काम? मग हॉटस्पॉट आणि महिन्याची डेटा मर्यादा. घड्याळातही नंबर हवा किंवा खाच्याशिवायचा फोन आहे? मग ई-सिम. आई-बाबांचा साधा कीपॅडवाला फोन आहे? मग त्यांच्या माथी डेटा मारू नका. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमानंतर फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही कंपन्यांनी आणले आहेत. दुकानदार स्वतःहून सांगेलच असं नाही, विचारा.

दोन : तुमच्या फोनचं पूर्ण मॉडेल कंपनीच्या वेबसाइटवरच्या यादीत आहे का ते बघा. वाय-फाय कॉलिंगची यादी वेगळी असते, फाइव्ह-जीची वेगळी. 'चालून जाईल हो' या तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही.

तीन : कव्हरेजचा नकाशा बघा. ट्रायच्या २०२४ च्या नियमांमुळे कंपन्यांना आपापले नकाशे वेबसाइटवर टाकावे लागतात. पण नकाशा भिंतीच्या आत बघत नाही! म्हणून सगळ्यात भारी टेस्ट म्हणजे चहा. ज्या कंपनीचं सिम घ्यायचंय ते वापरणाऱ्या शेजाऱ्याला चहाला बोलवा. पहिला कप हॉलमध्ये, दुसरा बेडरूमच्या दारात. तिथून एक कॉल करायला लावा. चहाचा खर्च वसूल.

चार : शक्य असेल तर महिनाभराचं साधं रिचार्ज मारून ते सिम तुमच्याच फोनच्या दुसऱ्या खाच्यात वापरा. घर, ऑफिस, रोजचा रस्ता आणि गावाकडचं घर, या चार ठिकाणी बघा. हॉटस्पॉट लावून लॅपटॉपवर एक मीटिंग करा. कॉल चालू असताना इंटरनेट बंद पडतं का, तेही बघा.

पाच : पटलं की जुना नंबर तिकडे न्या. इंग्रजीत 'पोर्ट' टाइप करायचं, एक जागा सोडून तुमचा नंबर लिहायचा आणि १९०० ला एसएमएस करायचा. एक कोड येतो, तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीकडे जा. एकाच सर्कलमध्ये असाल तर तीन कामाचे दिवस, दुसऱ्या सर्कलमधून येत असाल तर पाच. आपलं सर्कल महाराष्ट्र आणि गोवा, मुंबईचं वेगळं. मात्र सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले हवेत आणि पोस्टपेडचं बिल भरलेलं हवं. सिम हरवून नुकतंच बदललं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही. हा नियम जुलै २०२४ पासूनचा, आपला नंबर भामट्यांनी पळवू नये म्हणून. आणि हो, सिम बदलायच्या दिवशी काही वेळ नंबर बंद राहतो. त्या दिवशी घराचा हप्ता, तिकीट, ओटीपीचं कुठलंही काम ठेवू नका.

सहा : आहे त्याच कंपनीत राहायचं असेल तर तक्रार लेखी करा. १९८ वर फोन लावा आणि तक्रारीचा नंबर टिपून घ्या. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. 'पोर्ट करतोय' हे शब्द उच्चारल्यावर कस्टमर केअरचा आवाज कसा मऊ होतो, तेही एकदा अनुभवून बघा!

एक खबरदारीची गोष्ट सांगते. वाय-फाय कॉलिंग राऊटरवर अवलंबून आहे. लाइट गेली की राऊटर गेला आणि राऊटर गेला की बेडरूममधला फोनही गेला. हजार-दोन हजारांत राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घरात वयस्कर माणसं असतील किंवा कुणी रात्रपाळीला जात असेल, तर तो खर्च अजिबात उधळपट्टी नाही.

शेवटी काय, कंपनी कुठलीही असो, ती आपली मावशी नाही आणि शत्रूही नाही. ती धंदा करते, आपण ग्राहक. एका कंपनीने हात वर केले तर दुसरी दारात उभी आहे, आणि नंबर आता आपल्यासोबत चालतो. पाचशे एक रुपयांच्या फोनवाल्यांकडे ही सोय नव्हती. तेव्हा रविवारी अर्धा तास काढा. स्वतःच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन वाय-फाय कॉलिंगचं बटण दाबून बघा. मग आई-बाबांच्या फोनमध्येही बघा. चालू झालं तर उत्तम. नाही झालं, तर १९०० हा नंबर लक्षात आहे ना?